मदत हवी आहे: सतत उजेडात प्रोक्लोरोकॉकसची लय दुसऱ्याच दिवशी विरते

निळाई:
प्रोक्लोरोकॉकस या प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म सागरी जीवाणूचा मेड४ हा वाण १२ तास उजेड, १२ तास अंधार या चक्रावर वाढवला आहे. तापमान २४ अंश, वाढीचं माध्यम प्रो९९ (समुद्राच्या पाण्यात पोषकं घालून केलेलं). चक्र चालू असताना सगळं चोख: संध्याकाळच्या सुमारास डीएनए दुप्पट होतो, रात्री पेशी विभागतात. उजेड कायम चालू ठेवला की दुसऱ्या दिवशी लय पसरट होते आणि मग आलेख सपाट. माझी पद्धत चुकते आहे, की या जीवाला घड्याळच (दिवसरात्रीची वेळ राखणारी आतली यंत्रणा) नाही?

खारंपाणी:
या वाणात हेच अपेक्षित आहे. गोड्या पाण्यातल्या सिनेकोकॉकस इलाँगेटस या त्याच्या नातलग जीवाणूमध्ये कायए, कायबी, कायसी ही तीन प्रथिनं घड्याळ चालवतात. कायसी हे सहा तुकड्यांचं कडं. कायए त्याच्यावर फॉस्फेट चढवायला लावतं, आधी थ्रिओनिन ४३२ वर, मग सेरिन ४३१ वर. दोन्ही जागा भरल्या की कायबी आपली घडी बदलून कायसीला चिकटतं आणि कायएला अडकवून ठेवतं. मग फॉस्फेट उतरतात, कायबी सुटतं, कायए मोकळं होतं. या फेरीला सुमारे २४ तास लागतात. २००५ मध्ये नागोयाच्या कोंडो यांच्या गटाने ही लय फक्त तीन प्रथिनं आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) घेऊन परीक्षानळीत चालवून दाखवली. मला तरी जीवशास्त्रातला इतका सुंदर प्रयोग दुसरा आठवत नाही.

मेड४ मध्ये कायबी, कायसी आहेत, पण कायएचं जनुक गळालं आहे. त्यामुळे फेरी आपोआप पुन्हा सुरू होत नाही. वाळूचं घड्याळ रोज पहाटे कुणीतरी उलटावं लागतं, तसं इथे पहाटच ते उलटते. मेड४ चाच जुळा मानला जाणारा पीसीसी ९५११ वाण सतत उजेडात ठेवल्यावरही लय अशीच विरते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

दर्यावर्दी:
सहमत, पण निष्कर्ष लिहिण्याआधी तुलनेसाठी दुसरा वाण हवाच. सागरी सिनेकोकॉकस डब्ल्यूएच७८०३ मध्ये तिन्ही काय जनुकं आहेत. तो त्याच कपाटात, त्याच दिव्याखाली ठेवा. त्याचीही लय विरली, तर दोष मांडणीत.

दोष बहुतेक वेळा इथे सापडतो:

उजेड कायम केला की पेशींना दिवसाला दुप्पट प्रकाश मिळतो, त्या लवकर दाट होतात आणि वाढ थांबते. थांबलेल्या वाढीत विभाजनाची लय दिसणारच नाही. म्हणून वाढीच्या टप्प्यातच, रोज ताज्या माध्यमाने पातळ करत राहा.

दिव्याची उष्णता नळीच्या आत मोजा. कपाटाच्या आकड्यावर विसंबू नका.

माध्यमाचं पाणी खाडीचं किंवा किनाऱ्याजवळचं नको, खुल्या समुद्राचं घ्या. त्यातलं तांबं प्रोक्लोरोकॉकसला फार घातक ठरतं. फॉस्फेट (५० मायक्रोमोलर) आणि अमोनियम (८०० मायक्रोमोलर) पाणी निर्जंतुक झाल्यावर घाला, आधी घातल्यास गाळ बसतो. प्रोक्लोरोकॉकसकडे कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं विकर) नाही; सोबतचे परपोषी जीवाणू नसतील तर तीव्र उजेडात हायड्रोजन पेरॉक्साइडनेच पेशी मरतात आणि ते ‘लय विरणं’ वाटतं.

नमुने दर २ ते ३ तासांनी, निदान ७२ तास घ्या. पेशी आहेत तशा टिकवायला ग्लुटाराल्डिहाइड अंतिम ०.१२५ टक्के, अंधारात १० मिनिटं, मग द्रव नायट्रोजन. रात्रीचे नमुने घेताना मोबाईलचा टॉर्च लावू नका. त्या झोताने पुढचे सगळे आकडे बिघडतात.

निळाई:
डब्ल्यूएच७८०३ मागवतो. पण मेड४ मध्ये पेशींच्या वेळा एकमेकींपासून निसटल्यामुळे सरासरी सपाट झाली, की प्रत्येक पेशीची लयच थांबली, हे कसं कळेल?

खारंपाणी:
फक्त सरासरी पाहून ते कळणार नाही. निसटणं असेल तर शिखर हळूहळू रुंद होत जातं, पण त्याचं २४ तासांचं अंतर राहतं. वाळूचं घड्याळ असेल तर दुसरं शिखर ठरल्या वेळी उभंच राहत नाही. आणखी एक करून पाहा: सतत उजेडात लय विरल्यावर ६ तास अंधार देऊन पुन्हा उजेड लावा, आणि दुसऱ्या नळीला तोच अंधार १२ तास उशिरा द्या. दोन्हींत डीएनए दुप्पट होण्याची वेळ नव्या पहाटेपासून सारख्याच अंतरावर आली, तर मोजणी पहाटेपासूनच होते. अंधार मात्र लांबवू नका. जीव प्रकाशावरच जगतो; सलग दीड-दोन दिवसांच्या अंधारानंतर शुद्ध संवर्धन परत उठेल याची खात्री नाही.