व्हाइट पेकिन बदकं: गादी, जाळी की तळं? मांसात फरक किती?

खाडीकाठ: 20 बाय 30 फुटांच्या शेडमध्ये 200 व्हाइट पेकिन ठेवायची आहेत. गिऱ्हाईक गोव्याकडची हॉटेलं, त्यामुळे माल कातडीसकट, अख्खा जाणार. भाताच्या तुसाची गादी करावी, पायाखाली जाळी टाकावी की बाजूच्या तळ्यात सोडावीत? चवीला तळ्यातलं बदकच सरस, असं जो तो सांगतो.

तूसवाला: चवीचं नंतर बघू, आधी ओल. बदकाची विष्ठा पातळ, शिवाय भांड्यात चोच बुडवून पाणी उडवायची सवय. कोंबडीच्या हिशेबाने टाकलेली गादी बदकं बघता बघता चिखल करतात. बदक बसतं ते छातीवर. ओल्या गादीवर छातीची पिसं चिकटतात, कातडी लाल होते, फोड येतात. पायाच्या तळव्याला काळे चट्टे पडले की ते चालणं टाळतं, आणखी बसून राहतं. हॉटेलवाला परत पाठवतो ती छाती हीच.

गादी करायची तर 4 इंच कोरडं तूस आणि रोज वरून थोडी नवी भर. मूठभर उचलून दाबा. हात सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर उशीर झालाय. अमोनियाचा वास उभ्याने कळत नाही, बदकाच्या उंचीला उकिडवे बसून घ्या. बुरशी धरलेलं तूस अजिबात नको, बुरशीचं विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर बाधतं.

जाळी_झिंदाबाद: म्हणूनच जाळी! प्लास्टिकची किंवा प्लास्टिक चढवलेली. उघडी तार तळवे कापते. पहिले 3 आठवडे 12 मिमीचं भोक, पुढे 20 ते 25. जमिनीपासून 2 ते 3 फूट उंच, म्हणजे खालची घाण ओढता येते. पिसं पांढरी राहतात, छाती स्वच्छ.

पाय वाकायला लागले की सगळे जाळीला दोष देतात. आधी खाद्य बघा. बदकाला नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा जास्त लागतं, नुसत्या ब्रॉयलर फीडवर ते कमी पडतं.

तूसवाला: मान्य, पण पूर्ण जाळीचा खर्च 200 बदकांना परवडत नाही. मधला मार्ग: शेडचा एक तृतीयांश भाग जाळीचा, खाली उताराची गटार, आणि पाण्याची सगळी भांडी त्याच जाळीवर. उरलेल्या भागात गादी. पाणी गादीपासून तोडलं की निम्मं भांडण मिटतं. भांडं मात्र चोच आणि डोकं बुडेल इतकं खोल हवं, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात. 600 चौरस फुटांत प्रत्येकी 3 चौरस फूट येतात, गर्दी नाही.

खाडीकाठ: मग तळ्याचं काय?

चरबी_आणि_चव: तळ्यात, मोकळ्यावर बदक हिंडतं, पोटातली चरबी कमी भरते, मांडीचं मांस घट्ट होतं. पण वजन सावकाश येतं. म्हणजे त्याच वजनाला बदक वयाने मोठं, मांस गडद आणि चावायला चिवट. लोक ज्याला तळ्याची चव म्हणतात त्यातलं बरंचसं वयाचं असतं. रश्श्यात चालेल. कातडी कुरकुरीत करून देणाऱ्या हॉटेलला चरबीचा थर हवा असतो, तुमचं गिऱ्हाईक ते. मासळीचा चुरा खाद्यात असेल तर शेवटचे 2 आठवडे बंद, नाहीतर वास चरबीत उतरतो.

कापणी 6 ते 7 आठवड्यांत. पुढे ढकललीत तर नव्या पिसांचे खुंट कातडीत फुटतात आणि चिमट्याने एकेक उपटत बसावं लागतं. गिऱ्हाईक लांबलं तर हे आधी त्याच्या कानावर घाला.

जाळी_झिंदाबाद: शेवटची रात्र विसरू नका. खाद्य 8 ते 10 तास आधी बंद, पाणी चालू. पकडताना पाय धरून उलटं लटकवायचं नाही, मांडी निखळते आणि आत रक्त साकळतं. मानेच्या बुंध्याशी धरा, दुसरा हात पोटाखाली. कापण्याआधी धावपळ झाली तर मांस फिकट पडतं आणि ताटात पाणी सोडतं. मग शेड कितीही चांगली असो.

खाडीकाठ: एक तृतीयांश जाळी पक्की. गटारीचा उतार शेडच्या बाहेर माडांकडे काढतो.