गणपतीत पार्किंगमध्ये कुठला पिक्चर लावायचा?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. शनिवारी आरतीनंतर पार्किंगमध्ये पडदा लावतोय. प्रोजेक्टरवाल्याशी बोलणं झालंय. विनोदी पिक्चर हवा, सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखा. नावं सुचवा.

ए-१०४ काका: अशी ही बनवाबनवी. विषय संपला.

सी-३०३: काका, परत तोच? गेल्या गणपतीत तोच होता. सगळ्यांना पाठ आहे तो. काहीतरी नवीन लावू ना.

ए-१०४ काका: नवीन म्हणजे कुठला बाबा? आजकाल विनोदी म्हणून जे येतंय ते बघून हसायला येतंय का कुणाला? सोंगाड्या आला तेव्हा आमचे वडील इथं सोलापुरात लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पाळी सुटली की हातात डबा तसाच घेऊन टॉकीजला जायचे आणि रात्री घरी येऊन आईला अख्खा पिक्चर करून दाखवायचे. आता कोण सांगतंय घरी येऊन?

सी-३०३: काका, तेव्हाही रद्दी पिक्चर निघायचेच की. चांगले तेवढे तुमच्या लक्षात राहिलेत. आणि बनवाबनवी तर हिंदीवरून उचललेला आहे. धुमधडाका पण उचललेला.

बी-२०१ वहिनी: उचललेला असू दे, तरी तोच लावा. माझी मुलं आत्तापासून डायलॉग म्हणायलेत.

बी-४०२: मोठा मेसेज आहे, माफ करा, पण या विषयावर मला मनापासून बोलायचंय. मी कॉलेजपासून हौशी नाटकात होते. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला दोन विनोदी नाटकं केलीत. प्रेक्षक का हसतो आणि का हसत नाही, हे विंगेतून बघितलंय.

सी-३०३ म्हणतोय ते खरं आहे. बनवाबनवीची (१९८८) गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतली. महेश कोठारेंचा धुमधडाका (१९८५) मूळचा तमिळ, १९६४ चा 'कादलिक्क नेरमिल्लै', आणि मध्ये त्याचं हिंदीत 'प्यार किये जा' झालं होतं. पण गोष्ट उसनी आणली म्हणून हसू आपोआप येत नाही. बनवाबनवीचे संवाद लिहिले वसंत सबनीसांनी. तेच 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, काकांच्या वडिलांनी बघितलेला सोंगाड्या (१९७१) लिहिणारेही तेच. माणूस कुठल्या शब्दावर थांबतो आणि लोक कुठं फुटतात, हे त्यांना वगनाट्यातून माहीत होतं. त्यांनी ती गोष्ट पुण्यात आणली, भाड्याच्या खोलीत आणि घरमालकाच्या कटकटीत बसवली.

आता सुधीर जोशींचा विश्वासराव सरपोतदार आठवा. मधुमेहाच्या औषधापायी सत्तर रुपये बुडालेला घरमालक. हा माणूस एकदाही हसवायला जात नाही. त्याला खरोखर राग आलाय, पैसे खरोखर गेलेत. अशोक सराफ चेहरा पाडून सांगतात की सत्तर रुपये वारले, आणि सरपोतदारांच्या तोंडावर जे येतं ते बघा. आपण हसतो ते सरपोतदारांकडे बघून. नयनतारांच्या लीलाबाई काळभोर, म्हणजे दुसऱ्या घरमालकीण, त्याही तशाच. बायकांचा वेष घेतलेल्या दोघांना त्या खऱ्या बायकाच समजतात, त्यांच्या दृष्टीने त्या घरात एक सरळ संसार चाललाय.

मला आजचे पिक्चर खटकतात ते इथं. सरपोतदार कुणी लिहीतच नाही. हिरो विनोद करतो, त्याचा मित्र हसतो, मागून 'टुंई' असं संगीत वाजतं. सगळ्यांनाच माहीत असतं की आपण विनोदी पिक्चरमध्ये आहोत. दुसरं म्हणजे टीव्हीवरच्या स्किटची सवय. तिथली मुलं-मुली फार गुणी आहेत, मी रोज बघते. पण स्किट थोडक्यात संपवायचं असतं, त्यात सारखा हशा लागतो. पिक्चरला आधी अर्धा तास गाठी माराव्या लागतात, मग त्या एकेक सुटतात. दहा स्किटं जोडून पिक्चर होत नाही.

ए-१०४ काका: बघा! मी काय म्हणत होतो? 👏

बी-४०२: थांबा काका, पुढं आहे. आता चांगलं निघतच नाही, हे मला अजिबात मान्य नाही. परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) बघितलात का? बायकोचा खून आत्महत्या वाटावा म्हणून नवरा आणि त्याची मैत्रीण बेत रचतात. ऐकायला भयंकर आहे. पण त्यातलं एकही माणूस विनोद करत नाही, प्रत्येकाला आपापली पडलेली आहे, म्हणूनच आपण हसतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सी-३०३: वाळवी एक नंबर आहे. पण लहान पोरांपुढं खून वगैरे नको.

सी-१०१ अण्णा: ताई, तुमचं सरपोतदारचं पटलं. आमच्या घरी तेलुगू पिक्चरच जास्त. जंध्यालांचा 'अहा ना पेळ्ळंट' (१९८७) आहे ना, त्यात कोटा श्रीनिवासराव महाकंजूष. छताला कोंबडी टांगतो आणि तिच्याकडं बघत बघत नुसता भात जेवतो. कोंबडी खाल्ल्याचं समाधान तोंडावर! ब्रह्मानंदम त्याच पिक्चरनं वर आला. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, अजून ते सीन करून दाखवतात.

बी-४०२: अण्णा, किती बरोबर उदाहरण दिलंत! तो मन लावून जेवतोय. खरंच पोट भरतंय त्याचं.

ए-१०४ काका: मग आता लावायचं काय ते सांगा. वाळवी पोरांपुढं नको, बनवाबनवी सी-३०३ ला नको.

बी-४०२: 'वळू' लावा. उमेश कुलकर्णींचा, २००८ चा. गावात मोकाट सुटलेला डुरक्या नावाचा वळू, आणि त्याला पकडायला आलेला फॉरेस्टचा साहेब. तो साहेब म्हणजे आपल्या सोलापुरात वाढलेले अतुल कुलकर्णी. सरपंचापासून भटजीपर्यंत सगळा गाव एका बैलामागं. गिरीश कुलकर्णी, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर, निर्मिती सावंत, एकाहून एक. गावात कुठलीही मोडतोड झाली की डुरक्यानं केली, एवढं म्हटलं की काम झालं! करमाळा, मंगळवेढ्याकडची कुठलीही ग्रामसभा आठवा, माणसं हीच. आणि गावाला तो बैल म्हणजे खरंच संकट वाटतंय, तिथंच सगळी मजा आहे.

बी-२०१ वहिनी: वळू मी बघितला नाहीये. चालेल.

ए-१०४ काका: बघतो एकदा. नाही हसलो तर रविवारी बनवाबनवी, आत्ताच सांगून ठेवतो.

सी-१०१ अण्णा: आमची आई येणार आहे. तिला मराठी समजतं, पण भरभर बोलले की सुटतं. पुढची खुर्ची ठेवा.

सेक्रेटरी: ठरलं. शनिवार, रात्री साडेआठ, वळू. पार्किंगमधल्या गाड्या सातच्या आत बाहेर काढा. सी-३०३, स्पीकर तुझ्याकडं. अण्णांच्या आईची खुर्ची पहिल्या रांगेत, स्पीकरच्या बाजूला.