अपघातातून मी वाचलो, मग दुसऱ्या जगात जो गेला तो कोण?

वर्धारोड_८८: मागच्या महिन्यात रात्री वर्धा रोडनी घरी येऊन राहिलो होतो, ट्रकनी कट मारला, बाईक गेली डिव्हायडरवर अन मी बाजूच्या मातीच्या ढिगावर. कोपर सोललं, बस. हातभर इकडे पडलो असतो तर हे टाइप करायला राहिलो नसतो. माझा मावसभाऊ फिजिक्सवाला, तो म्हणे क्वांटम इमॉर्टॅलिटी नावाची गोष्ट आहे, जगाच्या फांद्या फुटत जातात अन तुला फक्त तीच फांदी अनुभवाला येणार जिथे तू जिवंत आहेस. धीर द्यायलाच बोलला तो, पण तेव्हापासून झोप नाही. म्हणजे कुठेतरी माझी आई दवाखान्याबाहेर रडत बसली का? अन तिथे जो गेला तो मीच का?

कॉटनमार्केट: भाऊ, ह्यू एव्हरेट या अमेरिकन फिजिक्सवाल्यानी १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात मांडलं ते एवढंच की मोजमाप झालं तरी वेव्ह फंक्शन (म्हणजे सगळ्या शक्यता एकत्र मांडणारं गणित) कोसळून एकच निकाल उरतो असं होत नाही, सगळे निकाल आपापल्या फांदीत राहतात. अमरपण लोकांनी नंतर जोडलं. मॅक्स टेगमार्क या फिजिक्सवाल्याच्या १९९८ च्या पेपरातसुद्धा अट आहे की मरण कळायच्या आत आलं पाहिजे अन ते क्वांटम घटनेवरच (अणू फुटला की नाही असल्या गोष्टीवर) ठरलं पाहिजे. रस्त्यावर, आजारपणात माणूस असा बटण दाबल्यासारखा जात नाही, शुद्ध हळूहळू जाते, मग तो हिशोबच लागत नाही. त्यामुळे याच्या भरवशावर कोणी जिवाशी खेळू नका, मनापासून सांगतो. एव्हरेट स्वतः १९८२ मध्ये गेला, ५१ वर्षांचा होता, त्याच्या घरच्यांना त्याच्याशिवायच राहावं लागलं ना.

दीक्षाभूमी_रोज: "तो मीच का" यावर लिहितो, मला हाच भाग जास्त छळतो. डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानी १९८४ मध्ये मांडलेलं उदाहरण बघ, मशीन तुझं स्कॅन घेते, मंगळावर हुबेहूब तू तयार, पण इथला तूही शिल्लक राहिला, तर खरा कोणता? तो म्हणतो तोच का हे महत्त्वाचं नाही, आठवणी, स्वभाव पुढे चालू राहिले का ते बघा. मला हे अर्धंच पटतं, कारण आईला मंगळावरचा चालेल का हे कोण विचारणार? अन फांदी म्हणजे झेरॉक्स नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी काढताच येत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय, फांद्यांत मात्र कोणी कॉपी काढत नाही, बुंधा एक असतो अन पुढे वाटा फुटतात. माझी आजी मिलिंद राजा अन त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बौद्ध भिक्खू नागसेनाची गोष्ट सांगायची, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत अन शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक नाही, पण वेगळीही नाही. तसं त्या ट्रकपर्यंत तुम्ही दोघं एकच होता. त्यानंतरचा तो तू नाहीस, पण परका म्हणून सोडून द्यावा असाही नाही. फांद्या खऱ्या असतील तर त्याच्यासाठी वाईट वाटणं मला चुकीचं वाटत नाही.

महाल_चा_पोट्टा: एवढं सगळं खरं असन, पण तू आईले सांगितलं का बे?

वर्धारोड_८८: नाही. कोपराचं विचारलं तर बाथरूममध्ये घसरलो म्हणालो. ज्योतीचं दोनदा वाचलं, थँक्यू. आई आत भाजी निवडून राहिली, जातो तिच्याजवळ.