फर्लो-पॅरोल बंद करा म्हणे!

आबा_वकील: "फर्लो, पॅरोल, प्रोबेशन, कैद्यांचे सगळे लाड बंद करा" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. फर्लो म्हणजे काही काळ शिक्षा भोगल्यावरची ठरलेली रजा, पॅरोल म्हणजे अडीअडचणीची रजा, प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं. अहो, फाशी-जन्मठेपवाले सोडले तर बाकीचे शिक्षा संपल्यावर सुटणारच आहेत. मग आधी थोडं बाहेर सोडून बघायचं की एकदम रस्त्यावर आणून सोडायचं? कॅनडातल्या अँड्र्यूज, बोंटा वगैरे संशोधकांनी १९९० मध्येच मांडलंय: पुन्हा गुन्हा करायचा धोका ज्याचा जास्त त्याच्यावर मेहनत घ्या, साध्या माणसाच्या उगाच मागे लागलात तर तो उलट बिघडतो. आपला प्रोबेशनचा कायदा १९५८ चा. पण परिविक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिकाऱ्याचा आरोपीबद्दलचा अहवाल मागवतंय कोण?

कटू_सत्य: कॅनडा! आमच्या आळीतला एक पॅरोलवर आला तो फरारच. त्याला दाखवा ते संशोधन.

माणदेशी: कॅनडा ऱ्हाऊ द्या, आटपाडीला या. स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानच्या काळातली, १९३९ ची. कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात.

कटू_सत्य: पारखून साळसूद तेवढे तिथे धाडायचे आणि वर म्हणायचं, बघा कसे सुधारले!

आबा_वकील: हे मात्र खरं. त्यांच्यासारखेच कैदी बंद तुरुंगात ठेवून तुलना केल्याशिवाय श्रेय वसाहतीला देता येणार नाही. पण तुमचा आळीतला एक म्हणजेही पुरावा नव्हे.

एसटी_प्रवासी: हजेरीचं बोला ना कुणीतरी! चुलतभाऊ फर्लोवर आला, रोज ठाण्यात सही. साहेब बंदोबस्ताला गेलेले, हा दुपारपर्यंत बाकड्यावर. मजुरी बुडाली ती बुडालीच. जामीन राहायला सख्खा मेव्हणा तयार नव्हता.

निवृत्त_हवालदार: आमच्या नावाने खडे फोडू नका. गणपती, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, त्यात यांच्या सह्या. पळाला की नोटीस आम्हाला!

एसटी_प्रवासी: मग सकाळी वेळ ठरवून द्या की. बाकड्यावर बसवून कोण सुधारलाय?

निवृत्त_हवालदार: तुम्ही या ड्युटीला, मग ठरवा वेळ.

कटू_सत्य: भांडता कशाला, पायात जीपीएसचं कडं घाला. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात आहेच.

आबा_वकील: कडं फक्त एवढंच सांगणार की माणूस कुठे आहे. दारू सुटली का, काम मिळालं का, जुनी टोळी भेटते का, हे कोण विचारणार? तो माणूस नेमायचा म्हटलं की सरकारकडे पैसे नसतात.

निवृत्त_हवालदार: आणि कड्याची बॅटरी उतरली की पुन्हा आम्हीच शोधायचं.

कटू_सत्य: बरं बाबा, ठेवा फर्लो. पुढच्याला जामीन वकीलसाहेब स्वतः राहणार असतील तर माझी हरकत नाही.