आंब्यांच्या फेरीपूर्वी पिकअपची तयारी

प्रेषक: सभासद, सुदामानगर, इंदूर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्यानंतर मंडळाच्या सभासदांसाठी नाशिकहून देवगड हापूसच्या पेट्या आणण्याचे काम यंदाही आमच्या घराकडे आले आहे. आमची पिकअप 2017 ची असून तिचे एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले आहेत. एरवी ती डब्यांच्या व्यवसायासाठी चोइथराम मंडी ते आमचे स्वयंपाकघर एवढीच धावते. परंतु चैत्रात तिला मानपूरच्या पुढचा घाट उतरून खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे असा लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि भरल्या हौद्यानिशी तोच चढ परत चढावा लागतो. गेल्या वर्षी परतताना सेंधव्याजवळ इंजिनाचा काटा लाल रेघेपर्यंत गेला होता, आणि त्याआधी घाट उतरताना ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जात असल्याचे चालकाने सांगितले होते.

यंदा 80 पेट्यांची मागणी आहे. त्यामुळे मागे एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) टाकावा, थोडे रुंद टायर लावावेत, पुढे लोखंडी गार्ड बसवावा आणि रात्रीच्या प्रवासासाठी दिव्यांची पट्टी लावावी, असे चिरंजीवांचे म्हणणे आहे. यासाठी 45 हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ज्यांनी अशा गाड्यांचे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी, हा खर्च कोठे करणे योग्य ठरेल, हे कृपया कळवावे.

---

प्रेषक: सभासद, राजेंद्रनगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

पिथमपूरच्या कारखान्यात आणि नंतर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये माझी तीस वर्षे गेली, म्हणून हे पत्र थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे. आपण सांगितलेल्या दोन तक्रारी आणि आपण सुचविलेले चार बदल यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, ही गोष्ट मला सर्वांत आधी सांगावीशी वाटते. गाडी तापते आहे आणि तिचा ब्रेक खोल जातो आहे. चारही बदल मात्र तिच्यावर जास्त भार घालण्याचे किंवा तिची शोभा वाढविण्याचे आहेत.

ब्रेकपासून सुरुवात करतो. भरलेली गाडी तीन टनांची धरली आणि घाटात ती 300 मीटर खाली उतरली, तर त्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे 88 लाख ज्यूल भरते. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर, तीस अंशांचे तीस लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. चालकाने खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवली तर त्यातील मोठा वाटा इंजिन स्वतःवर घेते. पण तो वरच्या गिअरमध्ये राहून ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर ती सगळी उष्णता पुढच्या पॅडमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये साठते. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, आणि खरा धोका तिथे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रकारचे नवे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या त्याच प्रकारच्या ऑइलची ठरलेली किमान मर्यादा मात्र 155 अंशांवर येते. ते नळीत उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल जमिनीला टेकते. आपल्या चालकाने सांगितलेले लक्षण याचेच असू शकते, किंवा मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, झिजून ड्रमपासून लांब गेले असतील. दोन्ही पाहिल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

म्हणून ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरावे आणि गाडीतील ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर जो प्रकार छापला आहे तोच वापरावा. मागची चाके उतरवून लायनर, ड्रमचा आतला पृष्ठभाग आणि व्हील सिलिंडरची (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाची) रबरे पाहावीत. रबराभोवती ओल दिसली तर तो सिलिंडर बदलावा, नुसता पुसून परत बसवू नये. पुढच्या डिस्कवर बोट फिरवून कडेला खोल पायरी लागते का तेही बघावे. घाटात गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय चालकाला असेल तर ती आजच सोडायला सांगा, कारण ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढविणारा भाग, ज्या निर्वातावर चालतो तो इंजिनच्या पंपाने तयार होतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा पॅडल दाबल्यावर ते दगडासारखे कडक होते. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजही बरोबर आहे.

आता जादा पाट्याविषयी. पाटा वाढविल्याने गाडीची वहनक्षमता कागदावर वाढत नाही आणि धुरा, बेअरिंग, ब्रेक यांची तर मुळीच वाढत नाही. काही पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याजवळ, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. हौदा किती दबला आहे यावरून तो भार ओळखतो. पाटा टाकला की हौदा दबत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही तो मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. आपल्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल तर पाटा वाढविणे म्हणजे ब्रेक कमी करणे होय. शिवाय आपला माल आंबा आहे. कडक पाट्यांवर प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ पेटीत जातो, आणि खालच्या थरातल्या फळांना लागलेला मार तीन-चार दिवसांनी काळ्या डागातून दिसतो. त्यापेक्षा असलेल्या पाट्यांचे जोड, म्हणजे सेंटर बोल्ट, शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट, तपासून घ्या. एखादा पाटा चिरला असेल तर तेवढाच बदला.

पुढच्या लोखंडी गार्डविषयी फार लिहीत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचे राज्यांना कळविले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात फेरफार करता येणार नाहीत असे सांगितले आहे. दिव्यांच्या पट्टीने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. असलेल्या हेडलाइटच्या काचा घासून स्वच्छ करून त्यांचा झोत नीट बसवून घेतला तरी रात्री पुष्कळ फरक पडतो. रुंद टायरचेही तेच: आरसीत आणि दरवाजाच्या चौकटीवर जे माप आहे तेच ठेवा. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. खाचा 1.6 मिलिमीटरच्या खाली गेल्या असतील तर तो कायद्यानेही बाद आहे. स्टेपनीचे आकडे सर्वांत आधी वाचा, कारण बहुतेक गाड्यांमध्ये तीच सर्वांत म्हातारी असते. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी भरावी आणि निमाडच्या उन्हात टायर तापून दाब वाढला म्हणून मध्येच हवा सोडू नये.

गाडी तापण्याचे कारण आपल्या अंगणातच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. माळव्यात फाल्गुनात गव्हाची काढणी सुरू होते आणि हवेत भुसा असतो. तो रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसतो आणि वरून दिसतही नाही. ग्रिल काढून, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जास्त दाबाने पापुद्रे वाकतात आणि मग वारा जायला जागाच उरत नाही. कूलंटऐवजी साधे पाणी भरले जात असेल तर ते काढून टाका. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उघड्या भांड्यातही सुमारे 107 अंशांना उकळते आणि आतून क्षार बसू देत नाही. रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदला; त्याची किंमत किरकोळ असते, पण पाणी दाबाखाली ठेवण्याचे काम तेच करते. एअर फिल्टरही याच भुशाने भरलेला सापडेल. डिझेल फिल्टरखालचा नट सैल करून साचलेले पाणी काढावे. गाडी रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) दिली होती असे मला आठवते. तसे असेल तर मागच्या दिव्यांचे आणि बॅटरीचे जोड उघडून पाहा, रंगीत पाणी तिथे महिनोन्महिने राहते.

शेवटी भार. आपण 80 पेट्या म्हणता. पाच डझनांची लाकडी पेटी भरल्यावर वीस किलोची धरली तर 1,600 किलो झाले. गाडीचे आरसी पुस्तक उघडून एकूण वजनातून रिकामे वजन वजा करा, आणि नंतर गाडी टाकी भरून, चालक, मदतनीस, दोर, ताडपत्री आणि स्टेपनीसह धर्मकाट्यावर (गाड्यांचे वजन करण्याच्या काट्यावर) न्या. जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा आहे. पण माझी काळजी दंडाची नाही, घाटाची आहे.

---

प्रेषक: सभासद, टोरोंटो (मूळचे रामबाग, इंदूर)

काकांना सादर नमस्कार.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे वसंतातले पहिले काम गाडीचे पोट धुणे आणि तापमान सात अंशांच्या वर स्थिरावले की हिवाळी टायर उतरविणे हे असते. इंदूरला त्यातले काही लागू नाही, पण एक सवय घेण्यासारखी आहे. चाक उतरवून परत बसविल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा ठरलेल्या ताकदीने आवळतात, कारण नव्याने बसलेले चाक थोडे स्थिरावते आणि नट सैल पडू शकतात. ताईंची मागची चाके ब्रेकसाठी उतरणारच आहेत, तेव्हा इंदूरहून निघाल्यावर घाटाच्या आधीच मानपूरला थांबून ते तपासावेत. गाडी कधी थेट देवगडपर्यंत गेली तर खाऱ्या हवेमुळे आमचा पोट धुण्याचा नियमही पाळावा. लोखंडी ब्रेक नळ्या गंजतात त्या चेसिसला बांधलेल्या पट्ट्यांच्या आत, जिथे नजर जात नाही.

---

प्रेषक: सभासद, सुदामानगर, इंदूर

काका आणि दादा, दोघांनाही मनःपूर्वक धन्यवाद.

काल देवास नाक्यावरच्या मिस्त्रींकडे मी स्वतः उभी राहून मागची चाके उघडवली. डाव्या व्हील सिलिंडरमधून ऑइल झिरपत होते आणि त्या बाजूचे लायनर तेलाने काळे पडले होते. गेले वर्षभर त्या चाकाला जवळजवळ ब्रेकच नव्हता, हे कळल्यावर रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच गाडीत माझा मुलगा चालकाशेजारी बसतो. दोन्ही बाजूंचे सिलिंडर, लायनर आणि पूर्ण ब्रेक ऑइल बदलले. रेडिएटरमधून काका म्हणाले तसा मूठभर भुसा निघाला. स्टेपनी 2017 सालचीच, गाडीबरोबर आलेली होती. ती आणि झिजलेले दोन टायर मूळ मापाचे नवीन घेतले. पाटे, गार्ड आणि दिव्यांची पट्टी रद्द केली, आणि का रद्द केली हे चिरंजीवांनी काकांचे पत्र वाचून स्वतःच मान्य केले.

आरसीप्रमाणे फरक 1,300 किलो आहे. धर्मकाट्यावर सगळ्यांसह गाडी रिकाम्या वजनापेक्षा 200 किलो जास्त भरली, त्यात हौद्यावर आम्ही जोडून घेतलेली लोखंडी चौकटही आली. उरले 1,100 किलो, म्हणजे वीस किलोच्या 55 पेट्या. त्यामुळे यंदा एका फेरीत 80 पेट्या आणणार नाही. पहिली फेरी पाडव्यानंतरच्या रविवारी आणि दुसरी अक्षय्य तृतीयेच्या आधी होईल. दोन्ही मिळून 110 पेट्यांपर्यंत नोंदणी घेता येईल. दुसऱ्या फेरीच्या डिझेलचा खर्च पेट्यांच्या भावात मिळवावा लागेल, त्यास कार्यकारिणीने संमती द्यावी. परतीचा प्रवास रात्री करू, पेट्यांच्या रांगांमध्ये वारा खेळण्यासाठी फटी सोडू आणि गडद ताडपत्रीऐवजी पांढरे कापड वर घेऊ.

ज्यांना पहिल्याच फेरीतील पेटी हवी आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.