नवी जीयूआय टूलकिट लिहायची, की आहे तिच्यात भर घालायची?

खिडकीवाला
आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं चार महिने रात्री जागून रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःची जीयूआय टूलकिट, म्हणजे ॲपच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी, लिहिली. बटणं देखणी, स्क्रोल लोण्यासारखा. मी कौतुकानं त्याच्या टेक्स्टबॉक्समध्ये 'वऱ्हाड' टाइप केलं. ऱ पाय मोडून एकीकडे, ह दुसरीकडे. मग 'किती' लिहिलं, तर ऱ्हस्व वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली.

माझं मत स्पष्ट आहे: नवी टूलकिट लिहू नका. बटण काढणं दोन दिवसांचं काम. खरं काम पुढे असतं. मजकुराची जुळणी, इनपुट मेथड (मराठी टाइप करायची सोय), टॅब दाबल्यावर फोकस कुठे जावा, आणि अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. तुम्ही स्वतः रंगवलेलं बटण ऑर्का या स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं निव्वळ चित्र असतं. 'मी बटण आहे, माझं नाव जतन करा' असं तुम्ही सिस्टिमला सांगितल्याशिवाय अंध वापरकर्त्याला ते नसल्यातच जमा. जुन्या टूलकिटांपैकी क्यूटी १९९५ पासून आणि जीटीके १.० १९९८ पासून हे सगळं उपसत आहेत. त्या पोराच्या चार महिन्यांतला एक महिना जरी तिकडे गेला असता, तर कितीतरी लोकांच्या कामी आला असता.

रात्रपाळी
काका, दार ठोठावून बघितलंय का कधी? जीटीकेच्या फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं जाळीत दिसावीत, ही मागणी २००४ ची. पूर्ण कधी झाली? ४.१० मध्ये, मार्च २०२३ ला. मागणी टाकली तेव्हा जन्मलेलं बाळ तोवर मतदार झालं! मधल्या काळात लोक स्वतःच पॅच (कोडमधला छोटा बदल) लावून टूलकिट बिल्ड करून घ्यायचे.

मी स्वतः एका टूलकिटला (नाव घेत नाही) चाळीस ओळींचा पॅच पाठवला होता. आठ महिने कुणी बघितला नाही. नंतर उत्तर आलं की मूळ कोड पुढे गेला, रिबेस करा, म्हणजे पॅच नव्या कोडवर बसवा. केला. परत शांतता. त्यापेक्षा आपलं झोपडं बरं.

गोधडी
मी एका छोट्या लायब्ररीची मेंटेनर (कोड सांभाळणारी) आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. जाळीची गोष्ट सगळे हसून सांगतात, पण उशिराचं कारण कुणी सांगत नाही. जुना आयकॉन व्ह्यू हजारो फोटोंचा फोल्डर उघडला की धापा टाकायचा. नजरेसमोर असतील तेवढ्याच चौकटी तयार ठेवून त्याच फिरवून वापरणारी जाळी आली जीटीके ४ मध्ये, डिसेंबर २०२० ला. पाया झाल्यावर भिंत चढली. अठरा वर्षं लागायला नको होती, हे मान्य.

आणि रात्रपाळी, तुमच्या चाळीस ओळी तुम्ही एकदा लिहिल्या. मर्ज करून मूळ कोडात घेतल्यानंतर त्या मी दहा वर्षं सांभाळायच्या. एखादं फंक्शन एकदा बाहेर दिलं की त्याचं नाव चुकलेलं असलं तरी ते आवृत्त्यांच्या त्या मालिकेत काढता येत नाही, कोणाचं तरी ॲप मोडतं. पॅच देणारा तोवर नोकरी बदलून गेलेला असतो. आठ महिने उत्तर न देणं मात्र वाईटच. 'नको' म्हणायला दोन मिनिटं लागतात.

जुनं खोड
जीटीकेतला जी कशाचा? गिंपचा, म्हणजे चित्रं संपादित करायच्या ॲपचा. बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी मोटिफ या जुन्या टूलकिटला कंटाळून गिंपसाठीच ही टूलकिट लिहिली. आणि तेच गिंप जीटीके ३ वर आलं मार्च २०२५ मध्ये, जीटीके ४ येऊन सव्वाचार वर्षं झाल्यावर. बापालाच घरच्या लेकराचा वेग झेपेना, तिथे परक्यांचं काय? नेटवर्क तपासायचं वायरशार्क २०१५ मध्ये २.० आणताना जीटीके सोडून क्यूटीवर गेलं. लिनक्सवाल्या लिनस टोर्वाल्ड्सनं सुरू केलेलं सबसरफेस हे डायव्हिंगच्या नोंदींचं ॲपसुद्धा तिकडेच गेलं. तेव्हा 'आहे तिच्यात भर घाला' म्हणताना कोणत्या आवृत्तीत, तेही सांगा.

वरणफळं
इलेक्ट्रॉन वापरा, म्हणजे ॲपच्या आत अख्खा ब्राउझर, आणि झोपा. 'वऱ्हाड' बरोबर दिसतं. रॅम संपते, पण 'वऱ्हाड' बरोबर दिसतं.

रात्रपाळी
😂 हे पटलं.

पण खिडकीवाले काका, इतिहास तुमच्याविरुद्ध आहे. १९९६ मध्ये क्यूटीवर उभा केडीई हा डेस्कटॉप सुरू झाला तेव्हा क्यूटीचा परवाना मुक्त नव्हता. त्यावर दोन तट पडले, १९९७ मध्ये दुसरा डेस्कटॉप, ग्नोम, उभं राहिलं आणि त्यानं जीटीके घेतलं. तो दबाव होता म्हणून क्यूटी २००० मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, असं माझं मत. तेव्हा सगळ्यांनी 'आहे त्यातच भर घालू' म्हटलं असतं तर आपण अजून क्यूटीच्या कंपनीच्या मर्जीवर असतो.

खिडकीवाला
परवान्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण तुझ्या झोपड्याला तो लागू नाही. जीटीके एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, क्यूटीचा बराच भागही तसाच. आज कोणती बेडी तोडायची आहे?

झोपडीचा मालक
वरच्या धाग्यातलं ते पोरगं मीच. 🙏

सर, 'वऱ्हाड' आता बरोबर दिसतं. शनिवार-रविवारात अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझ लायब्ररीचं रस्ट रूप जोडलं. जीटीके मजकूर मांडणाऱ्या पँगोमार्फत हार्फबझच वापरतं, क्यूटीत तेच, क्रोममध्ये तेच. आधी पँगो आणि क्यूटी दोघांकडे फ्रीटाइप या फाँट लायब्ररीतून आलेल्या कोडच्या आपापल्या प्रती होत्या. त्या एकत्र करून हार्फबझ झालं आणि पुढे ते पुन्हा नव्यानं लिहिलं गेलं. म्हणजे तुम्ही ज्या जुन्या घराचं कौतुक करता त्याचं तुळईचं लाकूडसुद्धा नवं आहे.

पण एक कबूल करतो. अक्षर जुळलं तरी कर्सर जुळला नाही. बाण दाबला की तो 'ऱ्हा'च्या पोटात घुसतो. हे इतर कसं करतात ते बघायला पँगो उघडलं आणि तीन रात्री तिथेच गेल्या. तिथे प्रत्येक जागेसाठी एक खूण आहे: बॅकस्पेसनं एकच चिन्ह जावं की अख्खा गट. कुणीतरी कधीतरी यावर विचार करून ठेवलाय, हे बघून जरा ओशाळलो.

टूलकिट बंद करणार नाही. पण एक विचारतो, सगळ्यांना. 'आचाऱ्यांना' लिहिलंय, कर्सर 'ऱ्यां'नंतर आहे. बॅकस्पेस दाबला. काय जावं?

गोधडी
अनुस्वार. फक्त अनुस्वार.

वरणफळं
अख्खा 'ऱ्यां'. जे एक दिसतं ते एक पुसलं जावं.

जुनं खोड
वरणफळं, एक अनुस्वार चुकला म्हणून पाच चिन्हं पुन्हा टाइप करणार? इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर कधी बसलात का?

खिडकीवाला
बॅकस्पेसला अनुस्वार, डिलीटला अख्खं अक्षर, बाण नेहमी अख्ख्यावरून. आणि परत परत बॅकस्पेस मारून य गेला की 'ऱ्' उरतो, तो पाय मोडून दिसला पाहिजे, गायब नाही व्हायचा. सोमवारी मशीन घेऊन ये, 'आचार्यांना' पण तपासू. तिथे रफार आहे.