शब्दचर्चा : ‘रास’ म्हणजे नेमकी कोणती? सायन, निरयन आणि मिरग

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)

माझ्या पुतणीचा जन्म 5 एप्रिल 2004 चा, चैत्री पौर्णिमेचा, सकाळचा. घरच्या पत्रिकेत रास कन्या, नक्षत्र हस्त. मोबाइलमधल्या इंग्रजी ॲपमध्ये तिची रास मेष येते. सध्या सोयरिकीची बोलणी सुरू आहेत. पाहुण्यांनी रास विचारली की पोरगी मेष सांगते आणि तिची आजी कन्या. त्यात एका नातेवाइकानं तिचा सूर्य मीनेत असल्याचं काढलं. आता घरात सगळे म्हणतात, पत्रिकाच चुकीची मांडली. ‘सायन’ आणि ‘निरयन’ हे शब्द कानावर आहेत, पण त्यांचा अर्थ कोणी सरळ सांगेल का? आणि दोन्हीकडे ‘रास’ हाच शब्द वापरावा का?

उत्तर (चांदूर रेल्वे)

ताई, पत्रिका चुकलेली नाही. तिन्ही राशी आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन वेगळे फरक एकमेकांत गुंतलेत, तेवढे सोडवू.

पहिला फरक, कोणत्या ग्रहाची रास. आपल्याकडे ‘तुझी रास कोणती’ असं विचारलं की जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती सांगायची. साडेसाती तिच्यावरून, गुणमेलन चंद्राच्या रास-नक्षत्रावरून, नावाचं अक्षर चंद्राच्या नक्षत्रचरणावरून, म्हणजे नक्षत्राच्या चौथ्या हिश्श्यावरून. पाश्चात्त्य रिवाजात माणूस ‘मी मेष’ म्हणतो तेव्हा तो सूर्याची रास सांगतो. म्हणून जन्मवेळ न विचारता जे ॲप रास सांगून मोकळं होतं, ते सूर्याचीच सांगतं असं समजा.

दुसरा फरक, मोजायला सुरुवात कुठून करायची. अयन म्हणजे जाणं, चलन. ज्या बिंदूवर सूर्य आला की 20-21 मार्चला दिवस-रात्र सारखी होते, तो वसंतसंपात. हा बिंदू ताऱ्यांच्या मानानं दरवर्षी सुमारे 50 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) मागं सरकतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून हे घडतं. एक अंश सरकायला साधारण 72 वर्षं लागतात, पूर्ण फेरीला सुमारे 25,800. ह्या सरकत्या बिंदूलाच मेषेचा आरंभ मानून राशी मोजल्या तर ती गणना अयनासहित, म्हणजे सायन. ते चलन वजा करून, ताऱ्यांना धरून मोजल्या तर निरयन. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश. चित्रापक्षाच्या, म्हणजे चित्रा ताऱ्याला धरून आरंभ ठरवणाऱ्या रीतीच्या हिशेबानं इसवी सन 285 च्या सुमारास ते शून्य होतं, आज 24 अंशांहून थोडं जास्त आहे.

आता पुतणीचं पाहा. त्या सकाळी सूर्य सायन मेषेत सोळा अंशांच्या आसपास होता. त्यातून त्या वर्षीचे जवळपास 24 अयनांश काढले की तो मेषेच्या मागं, मीनेत बाविसाव्या अंशाजवळ येतो. पौर्णिमा असल्यामुळे चंद्र सूर्याच्या समोर, आणि मीनेच्या समोरची रास कन्या. आजी म्हणतात ते हेच. सायन पत्रिका मांडली तर तोच चंद्र तुळेत दिसेल. आकाशातला चंद्र मात्र जागचा हललेला नाही.

उत्तर (आर्वी)

‘रास’ शब्दाबद्दल माझं मत ठाम आहे. मराठीत नुसती ‘रास’ म्हणजे चंद्राची. दुसऱ्या अर्थानं वापरायची असेल तर ‘सूर्यरास’ म्हणावं, आणि पाश्चात्त्य असेल तर ‘सायन सूर्यरास’. संस्कृतात राशि म्हणजे ढीग, परिमाण. खळ्यावर तुरीची रास घालतो ती हीच, आणि शाळेतल्या त्रैराशिकातली राशीही हीच. सूर्याच्या वाटेचे तीस-तीस अंशांचे बारा वाटे म्हणजे बारा राशी. शब्द मोजणीचाच आहे, त्यामुळे दोन्ही पद्धतींना तो लागू पडतो. मागं विशेषण लावलं की घोळ होत नाही.

बायोडाटात ‘रास कन्या, नक्षत्र हस्त’ एवढंच लिहा. मेष लिहिलं तर समोरचे लोक मेषेचा चंद्र धरून गुण जुळवतील आणि 36 पैकी भलताच आकडा निघेल. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. ‘ण’वरून बोलावण्याजोगं नाव कुठून आणणार? म्हणून नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून आलेलं नाव, पत्रिकेत राहतं आणि हाक मारायचं नाव दुसरं असतं. पाश्चात्त्य पत्रिकेत नक्षत्र-चरण नाहीत, म्हणून ‘नावरस’ला तिकडे प्रतिशब्दच नाही.

विचारणा (मूर्तिजापूर)

भाऊ, मंग आमचा मिरग सायन का निरयन? दरवर्षी 7-8 जूनलेच काऊन लागते?

उत्तर (चांदूर रेल्वे)

दादा, फार मोलाचं विचारलं. मिरग पूर्ण निरयन. सूर्य निरयन वृषभेच्या 23 अंश 20 कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पोचला की मृग नक्षत्रात शिरतो. त्याच दिवशी पाश्चात्त्य पत्रिकेत सूर्य मिथुनेत, सतरा अंशांच्या पुढं असतो. रोहिण्या, मिरग, आडदरा, मघा, हत्ती ही आपली पावसाची सगळी भाषा सूर्यनक्षत्रांची आहे. ज्या गावात ‘निरयन’ शब्द कोणी उच्चारत नाही, तिथंही पेरणीच्या गोष्टी निरयन मोजणीनंच चालतात.

पण तारीख ‘दरवर्षी तीच’ हे एका आयुष्यापुरतं खरं आहे. ताऱ्यांना धरून मोजलेलं वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं असतं. साधारण 71-72 वर्षांत एक दिवस पुढं जातो. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. सायन मकर संक्रमण मात्र तेव्हाही आणि आजही 21-22 डिसेंबरला, कारण ते ऋतूला बांधलेलं आहे. सहाव्या शतकात, ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी, अयनांश चार अंशांच्या आत होते. म्हणजे ऋतूच्या मानानं मृग तेव्हा आजच्यापेक्षा जवळजवळ वीस दिवस आधी लागत असे. पाऊस ऋतूबरोबर येतो, नक्षत्राची तारीख ताऱ्यांबरोबर सरकते. म्हणून ‘मिरग कोरडा गेला’ म्हणताना हा फरक शेतकऱ्याला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

निरयनवाल्यांतही एकवाक्यता नाही, हेही सांगून ठेवतो. 1955 मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं चित्रापक्ष धरला आणि 21 मार्च 1956 चे अयनांश 23 अंश 15 कला मानले. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, म्हणजे रेवती ताऱ्याला धरून मोजणारं, त्याचे अयनांश जवळपास चार अंशांनी कमी. चंद्र राशीच्या काठावर असेल तर दोन पंचांगांत दोन राशी निघू शकतात. पत्रिकेवर कोणतं पंचांग वापरलं ते लिहून घ्यावं.

विचारणा (पांढरकवडा)

कुंडलीत जिथं 7 आकडा लिहिला असतो ते सातवं घर ना? आणि ‘भाव’ म्हणजे काय? आमच्याकडे भाव म्हटलं की कापसाचाच.

उत्तर (आर्वी)

काका, इथं पुष्कळ जण फसतात. आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत घरं जागेवर पक्की असतात. वरचं मधलं घर लग्नस्थान (इथं लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास), तिथून डाव्या हातानं दुसरं, तिसरं असं मोजत जायचं. आत लिहिलेला आकडा राशीचा : 1 मेष, 7 तूळ. वरच्या घरात 6 लिहिला असेल तर कन्या लग्न, मग सातव्या घरात 12, म्हणजे मीन. दक्षिणेत उलट रीत आहे, तिथं राशी पक्क्या आणि लग्न फिरतं. पाश्चात्त्य पत्रिका गोल चाकासारखी, तिचं लग्न डाव्या कडेला.

‘भाव’ आणि ‘स्थान’ एकच. मराठीत धनस्थान, पराक्रमस्थान असं म्हणायची चाल जुनी आहे. कापसाच्या मुलखात तर ‘स्थान’च बरं. आपल्याकडे बहुतेक वेळा अख्खी रास म्हणजे एक स्थान धरतात. पाश्चात्त्य ज्योतिषी बहुधा लग्नाच्या आणि दशमाच्या नेमक्या अंशांवरून स्थानं पाडतात, म्हणून ती लहान-मोठी होतात. तसं गणित आपल्याकडे भावचलित कुंडलीत असतं.

भर (मेहकर)

दोन शब्द माझेही. ‘होरा’ (ज्योतिषातलं तासाचं माप) हा शब्द वराहमिहिरानं ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झाल्याचं एक मत म्हणून नोंदवलं आहे. भाषेचे अभ्यासक तो ग्रीक ‘होरा’वरून आलेला मानतात. ‘केंद्र’ही ग्रीकातून आला. म्हणजे दोन्ही पद्धतींचं जुनं देणंघेणं शब्दांतच दिसतं.

दुसरा ‘हर्षल’. पाश्चात्त्य पत्रिकेतला युरेनस विल्यम हर्षल यांनी 1781 मध्ये शोधला आणि मराठी पत्रिकेत तो शोधकाच्या नावानंच आला. हिंदीत त्याला अरुण म्हणतात. पाश्चात्त्य पत्रिकेत हर्षल, नेपच्यून, प्लूटो यांना इतर ग्रहांइतकंच वजन असतं. आपल्याकडे कुंडलीत त्यांची नावं छापतात, पण विंशोत्तरी दशेच्या, म्हणजे आयुष्याचा काळ ग्रहांमध्ये वाटणाऱ्या गणिताच्या, 120 वर्षांत त्यांना एकही वर्ष नाही. ती वर्षं रवीपासून केतूपर्यंत नऊ ग्रहांतच वाटलेली आहेत, त्यात राहूला 18 आणि शुक्राला सगळ्यांत जास्त, 20.